एकेचाळीस सकाळी

सोमयाजुलु तातगारू तिसऱ्यांदा दुकानात आले तो शनिवार होता. रिक्षात त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांचा सीपीयू होता, उपरण्यानं सीटला बांधलेला. रिक्षावाला मदतीला उतरला, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतःच गाठ सोडली आणि डबा छातीशी धरून पायऱ्या चढायला लागले.

"आले बघ तुझे आजोबा," चिट्टिबाबू मला म्हणाला. तो आमच्या दुकानाचा मालक. "पोराला लस टोचायला आणतात तसं आणतात त्या डब्याला."

दुकानात आम्ही सगळेच त्यांना तातगारू, म्हणजे आजोबा, म्हणायचो. हे त्यांच्या समोर बोललं तरी चालायचं, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. बंदराच्या रेडिओ केंद्रावर त्यांनी एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली होती आणि निवृत्तीनंतर कानांनीही हळूहळू काम थांबवलं होतं. ते बोलायचे, जरा मोठ्यानंच. आम्ही जॉब कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून उत्तर द्यायचो.

त्यांची तक्रार तिन्ही वेळेला एकच होती. एका रात्री संगणकानं आपण होऊन अपडेट घेतला, पहाटे स्क्रीनवरची अक्षरं बारीक झालेली होती, आणि त्या दिवसापासून यंत्र "माझं म्हणणं पोचवत नाही". पहिल्या वेळी आम्ही सीपीयू आमच्या मॉनिटरला जोडला. चाळीस सेकंदांत सुरू झाला. डिस्क तपासली, मेमरी तपासली, व्हायरस शोधला. काही नव्हतं. अक्षरं मोठी करून दिली. दुसऱ्या वेळी चिट्टिबाबूनं अपडेटच काढून टाकला. त्याच रात्री यंत्रानं तो पुन्हा घेतला. चिट्टिबाबूनं कार्डावर लिहून दिलं होतं : यंत्र ठणठणीत आहे.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून सहा महिने या दुकानात होते. पुढच्या प्रवेशाचं पत्र येईपर्यंत, असं घरी श्रीकाकुलमला सांगितलं होतं. इथे भीमिलीत माझी एक खोली होती आणि रविवार मोकळा असायचा. हे सांगायचं कारण इतकंच, की त्या शनिवारी मी जे केलं ते आधीच करायला हवं होतं. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाला शिकवतात : मोजण्याआधी काय मोजायचं ते विचारा. आम्ही एकदाही विचारलं नव्हतं की हा संगणक घरी नक्की काय करतो.

मी लिहिलं, "तातगारू, तुमचं म्हणणं कुणाला पोचत नाही?"

त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि खुर्ची मागून घेतली.

ते हौशी रेडिओवाले होते. सरकारी परवाना, स्वतःचा सेट, गच्चीवर तार. कान होते तोवर बोलायचे, नंतर मोर्सवर आले, तेही ऐकावं लागतं म्हणून सुटलं. मग दहा वर्षांपूर्वी एक पद्धत निघाली. संगणक अक्षरांचे सूर करतो, सेट ते सूर हवेत सोडतो, पलीकडचा संगणक ते पकडून पुन्हा अक्षरं करतो. पंधरा सेकंद एकानं पाठवायचं, पंधरा सेकंद दुसऱ्यानं. माणसाला ऐकावं काहीच लागत नाही, फक्त वाचावं लागतं. ठरावीक मजकूर असतो : माझी कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, तुझी कॉल साइन, तुझा सिग्नल इतका येतोय, निरोप. पण शेवटी एक मोकळं वाक्य पाठवता येतं. तेरा अक्षरांचं. मोकळ्या जागाही त्यातच धरून.

"एकच वाक्य का?" मी लिहिलं.

"यंत्र कितीही पाठवू देतं. पण लहरींच्या त्याच पट्टीवर शेकडो लोक असतात, अम्मा. तिथे गप्पा मारत बसणं म्हणजे नळावर हंडा लावून निघून जाण्यासारखं. आमचं ठरलेलं होतं. रोज एकेक वाक्य. त्याचं एक, माझं एक."

तो म्हणजे विमलसिरी. श्रीलंकेत मातरजवळ राहणारा, चहाच्या कारखान्यातला निवृत्त मेकॅनिक. नऊ वर्षं रोज सकाळी सहा चाळीसला दोघं भेटत होते. मी नकळत गुणाकार केला : एकही दिवस चुकला नसेल तर प्रत्येकी बेचाळीस हजार सातशे पाच अक्षरं. छोट्या पुस्तकाएवढी. त्यात विमलसिरीची बायको कुसुमा होती, अंगणातला फणस होता, कॅनडातला मुलगा होता. फोन नंबर नव्हता. तातगारूंना फोन ऐकू येणार नव्हता, म्हणून कधी मागितलाच नव्हता.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तातगारूंनी आपलं वाक्य पाठवलं. आवकाय झालं, असं. वर्षाचं कैरीचं लोणचं त्यांनी एकट्यानं घातलं होतं आणि इंग्रजीत ते बरोबर तेरा अक्षरांत बसत होतं याचं त्यांना कौतुक वाटलं होतं. पंधरा सेकंदांनी विमलसिरीचं वाक्य आलं. बायको वारली.

दुकानात पंखा फिरत होता. चिट्टिबाबू एका प्रिंटरचं झाकण उघडत होता, तो थांबला.

"माझं वाक्य संपलं होतं," तातगारू म्हणाले. "नियम मोडून लगेच दुसरं पाठवायला हवं होतं. मी बसून राहिलो. तेरा अक्षरांत काय लिहायचं ते सुचेना. म्हटलं, रात्रभर विचार करू, उद्या नीट लिहू."

त्या रात्री अपडेट आला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना विमलसिरी दिसत होता, पण विमलसिरीला ते दिसत नव्हते. तो त्यांच्या कॉल साइनला हाक मारायचा, ते उत्तर पाठवायचे, तो पुन्हा तीच हाक मारायचा. रोज सहा चाळीसला. सव्वीस दिवस त्यानं त्यांना नावानं हाक मारली. मग नाव गाळून सगळ्यांसाठी असलेली हाक द्यायला लागला. तातगारूंनी आधी गच्चीवरच्या तारेवर संशय घेतला, कारण रेडिओवाला पहिला संशय तारेवर घेतो. समुद्राच्या मिठानं सांधे खातात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडी लावून त्यांनी तार बदलली, मग केबल बदलली. काही फरक पडला नाही. एक पत्र टाकलं. परवान्यांच्या यादीतल्या त्याच्या टपालपेटीच्या क्रमांकावर, समुद्रापलीकडे. ते पोचलं का हे कळायला मार्ग नव्हता.

"मला तो दिसतो म्हणजे मी त्याला दिसायला हवा," ते म्हणाले. "वाट एकच असते. जाणाऱ्याला वेगळी आणि येणाऱ्याला वेगळी, असं आकाशात नसतं."

हे बरोबर होतं. मी परीक्षेत त्याची सिद्धता लिहिली होती.

मग त्यांनी आजच्या सकाळचं सांगितलं. विमलसिरीनं कुणालाही उद्देशून नसलेलं एक वाक्य सोडलं होतं. रविवारी बंद. म्हणजे तो सेट आणि तार उतरवत होता, बहुतेक मुलाकडे जात होता. तिथल्या इमारतीत तार कुठे लावणार.

"उद्या शेवटचं," तातगारू म्हणाले. "त्याची बायको गेली आणि मी त्याला लोणच्याचं सांगितलं. त्यावर तो जाणार."

मी चिट्टिबाबूकडे पाहिलं. तो मान हलवत होता. आम्ही घरी जात नाही हा दुकानाचा नियम होता, आणि त्याला कारणं होती. घरी गेलं की कॉफी येते, मग पंखा बघ म्हणतात, मग टीव्ही, मग जावयाचा मोबाइल. "आणि उद्या रविवार आहे," तो म्हणाला. थोड्या वेळानं प्रिंटरमध्ये बघत म्हणाला, "तू तुझ्या रविवारी कुठे जातेस ते मी विचारत नाही."

रविवारी सहाला मी दीपगृहामागच्या गल्लीत पोचले. तातगारू गेटपाशी उभे होते, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. सेटची खोली मागच्या बाजूला होती. एक टेबल, त्यावर सेट, मॉनिटर, कापडी पुठ्ठ्याची नोंदवही. खुर्ची एकच होती. त्यांनी माझ्यासाठी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि ते फडक्यानं दोनदा पुसलं.

सीपीयू त्यांनी रात्रीच जोडून ठेवला होता. मी तारा न्याहाळल्या. सेटपासून संगणकापर्यंत एक लहान पेटी होती, सूर आणणारी आणि नेणारी. येणारे सूर तर येत होते. स्क्रीनवर दर पंधरा सेकंदांनी नव्या ओळी उमटत होत्या. सेटवरचा शक्ती दाखवणारा काटा तीन वर्षांपूर्वीच अडकला होता. पाठवताना लाल दिवा लागतो, तेवढ्यावर ते समाधानी होते.

मी लिहिलं, "रोज करता तसं करून दाखवा. मी काही हात लावत नाही."

त्यांनी माऊस धरला, सेकंद मोजले, दाबलं. लाल दिवा लागला. आणि खोलीत शीळ वाजायला लागली.

तशी शीळ मी आधी ऐकली नव्हती. आठ वेगळे सूर, वरखाली, भरभर, बासरी नुकती हातात आलेल्या पोरानं नुसती बोटं फिरवावीत तशी. चांगली मोठ्यानं. जवळजवळ तेरा सेकंद वाजली आणि थांबली. मी तातगारूंकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे वाकून बघत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

मला कळलं, आणि कळल्याबरोबर वाटलं की हे मला कळायला नको होतं. म्हणजे इतकं सोपं असायला नको होतं. अपडेटनं आवाज कुठे पाठवायचा ते बदललं होतं. सूर त्या लहान पेटीतून सेटकडे जायचे ते आता मॉनिटरच्या आतल्या स्पीकरकडे जात होते. मॉनिटरला स्पीकर असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. लाल दिवा लागत होता, सेट तयार होत होता, आणि हवेत शांतता सोडत होता. आमच्या दुकानात सेटच नव्हता, त्यामुळे तिथे हे कधी वाजलंच नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं तेव्हा मी त्यांचा हात धरून मॉनिटरच्या पाठीवर ठेवला. प्लास्टिक थरथरत होतं. ते एकतीस वर्षं रेडिओत काढलेले. दुसऱ्या सेकंदाला त्यांना उमगलं. शीळ संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

"इथे वाजतंय?"

मी मान हलवली.

"किती मोठ्यानं?"

मी लिहिलं, "गेटपाशी उभं राहिलं तर ऐकू येईल."

त्यांनी ते वाचलं. कागद टेबलावर ठेवला, मग त्याची कड टेबलाच्या कडेला जुळवली.

"स्वयंपाकाची बाई मी फेब्रुवारीत बंद केली," ते म्हणाले. "एकट्यासाठी कशाला, म्हणून."

सहा सव्वीस झाले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले. आवाजाच्या यादीत त्या लहान पेटीला अपडेटनं नवं नाव दिलं होतं; जुन्या नावापुढे एक आकडा चिकटवला होता. रेडिओचा प्रोग्रॅम जुनं नाव शोधत होता. ते सापडलं नाही की तक्रार न करता पहिल्या मिळेल त्या जागी सूर सोडत होता. मी योग्य नाव निवडलं, मॉनिटरचा स्पीकर बंद केला. यादी उघडणं-बंद करणं धरून चार मिनिटं लागली.

"आता," मी खूण केली.

त्यांनी दाबलं. लाल दिवा लागला आणि खोलीत काहीही वाजलं नाही. मी स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकत तेरा सेकंद थांबले. ती शांतता म्हणजे सिग्नल बाहेर गेल्याची पहिली खूण होती, आणि तिचा आम्हा दोघांपैकी फक्त मला उपयोग होता.

सहा चाळीसला विमलसिरीची ओळ आली. सगळ्यांसाठी असलेली हाक. तातगारूंनी उत्तर दिलं. पंधरा सेकंदांनी पुन्हा तीच हाक. त्यांनी पुन्हा उत्तर दिलं. पुन्हा हाक. त्यांचा अंगठा माऊसच्या कडेवर घासत होता. मी मनात कारणं लावत होते : सिग्नल क्षीण असेल, कुणी दुसरा त्याच जागी असेल, मी चुकीचं नाव निवडलं असेल. चौथ्या वेळेला ओळ बदलली. आधी तातगारूंची कॉल साइन, मग विमलसिरीची, मग उणे सोळा.

उणे सोळा हे फक्त सिग्नलचं माप आहे. गोंगाटाच्या मानानं तुझा आवाज इतका खाली आहे, एवढंच ते सांगतं. तातगारूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि आपलं माप पाठवलं. तिकडून पोच आली.

आता मोकळं वाक्य. मी शनिवारी संध्याकाळी खोलीवर बसून ते तयार ठेवलं होतं. संगणक बिघडला होता, एकेचाळीस दिवस. इंग्रजीत मोडकंतोडकं, पण बरोबर तेरा अक्षरं. एकाच ओळीत सगळा खुलासा. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि मला वाटतं, मला थोडा अभिमानही वाटला.

त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. एका बोटानं टाइप करायला लागले. तिच्यासाठी वाईट वाटलं. तीही तेराच अक्षरं होती. एकेचाळीस रात्रींत त्यांनी मोजून ठेवली असणार.

मी घाईनं लिहिलं, "पण इतके दिवस तुम्ही गप्प का होतात ते त्याला कळणारच नाही. त्याला वाटेल तुम्ही मुद्दाम."

"वाटू दे," ते म्हणाले. "त्याची बायको गेली आहे. त्याला माझ्या मशीनचं काय सांगत बसू?"

आणि त्यांनी ते पाठवलं.

पंधरा सेकंद गेले. विमलसिरीचं वाक्य आलं. मी ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं. वाटलं, तूच गेलास.

तातगारू हसले. तोंड उघडून, आवाज न करता. मग विमलसिरीची पुढची ओळ आली, त्र्याहत्तर, म्हणजे या लोकांचा शुभेच्छांचा निरोप. यांनीही त्र्याहत्तर पाठवला. ठरलेलं सगळं झालं होतं. सहा पंचेचाळीस.

मग त्यांनी मी लिहिलेला कागद जवळ ओढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसरं वाक्य पाठवलं. संगणक बिघडला होता, एकेचाळीस दिवस. टाइप करताना एक अक्षर चुकलं, ते परत जाऊन दुरुस्त केलं. लाल दिवा लागला, विझला. आम्ही थांबलो. पुढच्या पंधरा सेकंदांत स्क्रीनवर अकरा ओळी आल्या, जपान, ओमान, रशिया, आणि त्यांत विमलसिरी नव्हता. त्यांनी पुन्हा तेच पाठवलं. नंतर आणखी एकदा. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला.

मी लिहिलं, "पोच येत नाही याचा अर्थ पोचलं नाही असा होत नाही. त्यानं वाचून सेट बंद केला असेल."

"असेल," ते म्हणाले.

तेवढ्यात सुराबायाहून कुणीतरी त्यांना हाक मारली. कुणी अनोळखी. इतक्या वेळा पाठवलेलं पाहून, किंवा कॉल साइन नवी वाटली म्हणून. तातगारू बघत राहिले. पंधरा सेकंदांनी तीच हाक पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्यांनी खुर्ची टेबलाशी ओढली आणि उत्तर दिलं. माप गेलं, माप आलं, निरोप झाला. सव्वा मिनिटात सगळं आटोपलं. तो माणूस दुसऱ्या कुणाकडे वळला.

तातगारूंनी नोंदवही उघडली. विमलसिरीची नोंद आधी केली, वेळ, उणे सोळा, आणि शेरा या रकान्यात काहीच लिहिलं नाही. मग सुराबायाची. अक्षर फार सुबक होतं.

मी पुढच्या अपडेटनंतर काय तपासायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून कागद मॉनिटरला चिकटवला. त्यांनी तो वाचून मान हलवली. कॉफी करू का विचारलं. मी नको म्हटलं, आणि गल्लीत पोचल्यावर मला कळलं नाही की मी का नको म्हटलं, कारण त्या दिवशी मला कुठेही जायचं नव्हतं.

निघताना ते खुर्चीतून उठले नाहीत. स्क्रीनवर ओळी येत होत्या.

"जाताना दार ओढून घे, अम्मा," ते म्हणाले. "नीट लागलं का बघ. मला कळत नाही."

मी दार ओढलं, कडी पडल्याचा आवाज ऐकला, आणि बाहेरून एकदा ढकलून पाहिलं.